टाकीतली पानं

पौष लागला की आमच्या कारेलीबागेत रस्त्याच्या कडेला पतंगाचा दोरा रंगवणारे येऊन बसतात. दोन बांबू रोवायचे, मधे पांढरा दोरा ताणायचा आणि हातात गुलाबी लगद्याचा गोळा धरून मागेपुढे चालत राहायचं. सकाळी भाजी आणायला निघाले की त्या लगद्यातल्या शिजलेल्या भाताचा वास नाकात शिरतो. शेजारी हातलारीवर कोवळा पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा असतो, तुवरीच्या दाण्यांचे हिरवे ढीग असतात. घरात खाणारं आता कुणी नाही, तरी मी पाव किलो पोंक घेते, घरी येते, खुर्चीत टेकते, आणि मला पेट्रोलचा वास येतो. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतील, मावशी, वय झालं. वयाचं काही नाही त्यात.

आमच्या मंडळाच्या हिवाळी अंकासाठी ‘आठवणीतला ऋतू’ लिहून द्या, असं संपादकबाईंनी सांगितलं. त्यांना तिळाच्या वड्या, गच्चीवरचे पतंग, हळदीकुंकवाची लूट असलं काहीतरी हवं असणार. तेही होतं आमच्याकडे, नाही असं नाही. पण हिवाळा म्हटलं की मला गाडीच आठवते. आमची गाडी का बंद पडली आणि तिच्यामुळे आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, कसे गेले, याबद्दल आमच्या नातेवाइकांत एक समजूत पक्की बसलेली आहे. धाकट्या विनूने बंद पाडली, असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. खरं काय ते सांगायला बसले आहे. बोलता बोलता इकडेतिकडे जाईन, तेवढं चालवून घ्या.

गाडी नानांची. हस्तिदंती रंगाची, गोल पाठीची. स्टेअरिंगच्या मागेच गिअरचा दांडा, पुढची सीट सलग बाकासारखी. नाना जुन्या संस्थानी नोकरीतले, सगळं शिस्तीत. रविवारी सकाळी पाणीगेटच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये गाडी पुसायचे तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, अगदी सासूबाईंनीसुद्धा. एकटा विनू तिथे चालायचा. विनू म्हणजे माझे धाकटे दीर, विनायक. तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांच्या हातात जादू होती असं मी म्हणणार नाही, जादूबिदू काही नसते. पण यंत्राला कान लावून बसायचे ते, आणि कुठे दुखतंय ते त्यांना कळायचं. शिवणयंत्र, रेडिओ, पाण्याची मोटर, सगळं त्यांच्याकडे. मी नवी नवरी, माझ्या माहेरच्या घड्याळाचा काटा अडकला तर त्यांनी चिमट्याने बसवून दिला आणि म्हणाले, “वहिनी, घड्याळ चांगलं आहे. फक्त तुमच्यासारखं सकाळी उठायला कुरकुर करतं.” सासूबाईंसमोर म्हणाले, म्हणून मी लाजले. नाहीतर मीही काही कमी बोलत नसे.

गाडीतलं काहीही काढायचं, साफ करायचं, परत बसवायचं, ते विनूभाऊजींनीच. आमचे हे, म्हणजे त्यांचे दादा, पादऱ्याला, जवळच्या गावी, नोकरीला जात. त्यांना यंत्राचं वेड नव्हतं. त्यांना गाडीत मागे बसून वर्तमानपत्र वाचायला आवडायचं.

लग्नानंतरचा माझा दुसरा हिवाळा. पौषाच्या अवसेला सूर्यग्रहण होतं. सासूबाईंचं ग्रहण म्हणजे परीक्षाच. वेध लागायच्या आत स्वयंपाक आटपायचा, खिडक्या लावायच्या, आणि साठवणीच्या प्रत्येक वस्तूत तुळशीचं पान टाकायचं. “सुमन, काही सोडायचं नाही हं,” त्या जपाच्या खोलीतून ओरडल्या. “पाण्याचं पिंप, दूध, तूप, लोणच्याच्या बरण्या. कोठीत जे जे म्हणून भरून ठेवलंय ते सगळं.” मी वाटीभर पानं खुडून आणली आणि निघाले. पिंपात टाकलं, दुधात टाकलं, तुपात टाकलं. कोठीत तेलाच्या डब्यांची रांग होती, एकेकाचं झाकण उघडलं, टाकलं. रांगेच्या शेवटी नानांचा पेट्रोलचा डबा. ते नेहमी एक डबा भरून ठेवायचे, वेळेला असावा म्हणून. झाकण फिरवलं तेव्हा वासानेच कळलं पेट्रोल आहे ते. अजाणतेपणी झालं असं मी म्हणू शकत नाही. क्षणभर थांबले मी. मग मनात आलं, भरून ठेवलेलं आहे ना, मग साठवणच. उद्या विचारलं तर खोटं कशाला बोलायचं. वीस वर्षांची होते मी. थोडी आज्ञाधारक, थोडी खोडकर. चार-पाच पानं टाकली आणि झाकण लावून टाकलं.

ग्रहण सुटल्यावर आंघोळी झाल्या आणि मी सगळीकडची पानं काढली. त्या डब्यात हात कोण घालणार. राहू दे म्हटलं.

दहा-बारा दिवसांनी, माघात, नानांच्या छातीत दुखायला लागलं. सकाळची वेळ, हे नुकतेच पादऱ्याच्या बसला गेले होते. नाना घामाने भिजले. विनूभाऊजींनी त्यांना उचलूनच गाडीत नेलं, मागच्या सीटवर निजवलं. गाडीत पेट्रोल नव्हतं फारसं. ते धावत कोठीत आले, डबा घेतला, पत्र्याचं नरसाळं लावलं आणि सगळा डबा टाकीत ओतला. मी दारात उभी राहून बघत होते. मला पानं आठवली नाहीत. हे मी देवाशपथ सांगते, त्या वेळी नाही आठवली. सासूबाई देवापुढे बसल्या त्या उठेचनात, त्यांच्यापाशी मला थांबावं लागलं. गाडीत दोघंच होते, नाना आणि विनू.

मांडवीपर्यंत गाडी गेली. पुढे बंद पडली. थोड्या वेळाने सुरू झाली, सुरसागर तळ्यापाशी परत बंद. बॉनेट उघडून विनूभाऊजी काय काय करत राहिले. शेवटी लोकांनी हातगाडी आणली. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत नाना गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. डॉक्टर असं का म्हणतात, मला अजून कळलेलं नाही. कुणाला उपयोग होतो त्याचा.

आता, त्या आधी दोनच दिवस विनूभाऊजींनी गाडीचा कार्ब्युरेटर काढून साफ केलेला. सगळ्यांना माहीत होतं. दिवसकार्याला जमलेले काका, आत्या, मामा, सगळे हळू आवाजात एकच बोलले, की नको तिथे हात घालायची खोड नडली. आमचे हे ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस परवडला. ह्यांनी भावाला एकदाच विचारलं, “शनिवारी उघडलं होतंस ना ते?” विनूभाऊजी म्हणाले, “हो.” झालं. त्यानंतर बेचाळीस वर्षं दोघे भाऊ बोलले, जेवले, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात मिरवले, पण ह्यांनी त्यांना घरातला बल्बसुद्धा बदलायला सांगितला नाही.

तेराव्यानंतर ओळखीचा मिस्त्री गाडी बघायला आला. चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. पाच मिनिटांनी बंद. परत सुरू. तो म्हणाला, “टांकीमां कचरो छे, साहेब. खोलवी पडशे.” टाकी उघडावी लागेल, आत कचरा आहे. हे म्हणाले, नको. आता काही उघडायचं नाही. गाडी शेडमध्ये ढकलली, वर ताडपत्री टाकली.

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. कचरा म्हटल्याबरोबर मला कळलं. ट्रे हातातून पडला वगैरे काही नाही. मी चहा दिला, साखर हवी का विचारलं, रिकामे कप उचलले, विसळले. त्या दिवशी सांगितलं नाही कारण सासूबाई रडत होत्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. महिन्याने वाटलं, आता लोक विसरले असतील. वर्षाने माझ्या पोटात मूल होतं. अशी कारणं मिळत जातात हो. शोधावी लागत नाहीत, रोज सकाळी दुधासारखी दारात येतात.

विनूभाऊजींनी इंजिनिअरिंग सोडलं. का सोडलं ते कुणी विचारलं नाही, सगळ्यांना वाटलं आपल्याला माहीत आहे. विम्याच्या कचेरीत लागले, आयुष्यभर कागद तपासले. गाडी कधी चालवली नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, वरातीची गाडी पुढे घ्यायची होती, ड्रायव्हर जेवायला गेलेला, तर कुणी चावी त्यांच्यापुढे धरली, आणि आत्याबाई पटकन म्हणाल्या, “अरे त्याला नको, दुसरं कुणी बघा.” ते हसले आणि बाजूला झाले. मी तिथेच अक्षतांचं तबक घेऊन उभी होते. तेव्हाही काही बोलले नाही. तोंडात पान होतं, असं म्हणू या.

हे गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. पाणीगेटचं घर विकलं आणि गाडी दोरखंडाने ओढत इथे सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली. दिवाळीनंतर एका सकाळी विनूभाऊजी आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “वहिनी, गाडी उघडू का? दादा असता तर विचारलं नसतं.”

“कशाला आता?” मी म्हटलं.

“मला बघायचंय मी काय चुकलो ते. कळलं की सुटलो.”

मी ‘उघडा’ म्हणाले. नाही म्हणण्यासारखं तोंड कुठून आणणार होते.

तोच माझा हिवाळा. कार्तिक ते माघ. रोज नऊला यायचे, जुना सदरा चढवायचे, गुडघ्याखाली पोतं घ्यायचे. पासष्टी ओलांडलेला माणूस, बघता बघता तरुण व्हायला लागला. गंजलेले बोल्ट रात्रभर तेलात भिजवायचे आणि सकाळी हलके हलके सोडवायचे. प्रत्येक स्क्रू श्रीखंडाच्या डब्यांत, वर कागदाची चिठ्ठी. सीट उसवली तर आतून काथ्या निघाला, उंदरांनी घर केलेलं. मला काम दिलं होतं बंपर घासायचं. चिंचेच्या कोळाने मी तो रोज घासत बसायचे, देवाच्या भांड्यांसारखा. हंसाबेन, आमच्या शेजारीण, येता-जाता विचारायच्या, “मासी, आ डब्बो चालशे खरो?” विनूभाऊजी गाडीखालूनच म्हणायचे, “चालशे, बेन. पहिली चक्कर तुमचीच. धक्का मारायला माणूस लागेलच ना.” हंसाबेन पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचे. ते दिवस चांगले होते असं लिहिताना हात अडखळतो, पण चांगले होते. इतकं कधी बोललो नव्हतो आम्ही दोघं. नानांबद्दल, ह्यांच्याबद्दल, सगळ्याबद्दल. एका गोष्टीबद्दल नाही.

त्यांनी कार्ब्युरेटर पहिल्याच आठवड्यात उघडला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक भाग मांडला, भिंग लावून बघितला, दुसऱ्या दिवशी परत बघितला. “काही नाही हो, वहिनी,” म्हणाले. “मी बरोबर बसवलं होतं.” पण आवाजात आनंद नव्हता. माणसाला इतकी वर्षं शिक्षा झाली की निर्दोष आहोत हे त्याला स्वतःलाच पटत नाही. मग पेट्रोलचा पंप, मग नळ्या, मग तारा. टाकी मात्र पुढे ढकलत राहिले. आधी रंगाचं बघू, आधी दारांची रबरं बसवू. मी ओळखून होते. ते घाबरत होते, आणि मीही.

पौषात, बाहेर असाच दोरा रंगत होता, तेव्हा त्यांनी टाकी काढली. आतल्या नळीचं तोंड बाहेर ओढलं. नळीच्या तोंडाला बारीक जाळी असते. त्या जाळीला काहीतरी चिकटलेलं होतं, काळपट, वार्निश लावल्यासारखं. टाकी उलटी करून हलवली तर आणखी दोन निघाली. त्यांनी तळहातावर घेतली आणि उन्हात धरली.

“पान आहे हे,” म्हणाले. “इंजिनाने ओढलं की जाळीवर बसतं, पेट्रोल बंद. गाडी थांबली की सुटून खाली पडतं, गाडी परत सुरू. बघा, एवढंसं पान.” मग ते उलटून बघितलं. “पण आलं कुठून? नरसाळ्यातूनच गेलं असणार. शेडवर करंजाचं झाड होतं ना, नरसाळ्यात पाला पडलेला असणार. मी न बघता ओतलं. फडक्यातून गाळायचं साधं कळलं नाही मला. नाना ओरडायचे, गाळल्याशिवाय ओतू नकोस म्हणून.”

हातातलं पान करंजाचं नव्हतं. कडेचे दाते मला दिसत होते. रोज सकाळी मी तुळशीला पाणी घालते.

“सापडलं एकदाचं,” ते म्हणाले. “दादा बरोबर होता. चूक माझीच होती, फक्त जागा वेगळी.”

तिथे बोलायला हवं होतं. माझ्या हाताला चिंच लागलेली होती, मी आत जाऊन हात धुतले. साबण लावून दोनदा. बाहेर आले तर त्यांनी ती पानं एका श्रीखंडाच्या डब्यात घातली होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘कारण’.

त्यानंतरचे वीस दिवस मी कसे काढले ते विचारू नका. ते कामाला येत, पण गाणं गुणगुणत नसत. जेवताना मान खाली. एकदा म्हणाले, “कळलं की सुटेन असं वाटलं होतं. उलट झालं. आधी निदान शंका होती.” आधीची सगळी वर्षं मी गप्प होते, ती एका जागेवर उभं राहण्यासारखी होती. हे वीस दिवस मी त्या माणसाच्या अंगावर रोज उठून एकेक दगड ठेवत होते, आणि वर चहात आलं घालू का विचारत होते.

माघात गाडी सुरू झाली. रंग अजून एका दाराला बाकी होता. हंसाबेननी नारळ फोडला. विनूभाऊजी म्हणाले, “वहिनी, बसा. पाणीगेटपासून दवाखान्यापर्यंत एकदा न थांबता न्यायची आहे. एवढं केलं की चावी तुमच्याकडे.” मी मागे बसले. गाडी सावकाश, सरळ जात होती. मांडवी मागे पडली. सुरसागरापाशी रिक्षांची गर्दी झाली, गाडी हळू झाली, आणि मला दिसलं की त्यांचे ओठ हलताहेत. देवाचं नाव घेत होते की नानांची माफी मागत होते, माहीत नाही.

“भाऊजी,” मी म्हटलं, “ती पानं तुळशीची आहेत. ग्रहणाच्या दिवशी मी डब्यात टाकली होती.”

त्यांनी गाडी थांबवली. बंद पडली नाही, थांबवली. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत ओरडला, “चलावो ने, काका.”

“तुम्हाला कधी कळलं?” त्यांनी आरशात बघून विचारलं.

टाकी उघडली तेव्हा, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर तयार होते. त्यांनी विश्वास ठेवला असता, कदाचित मला धीरही दिला असता.

“मिस्त्री कचरा म्हणाला तेव्हा,” मी म्हटलं. “तेराव्यानंतर.”

त्यांनी गिअर टाकला. दवाखान्याच्या फाटकापुढून गाडी नेली, वळवली, घरी आणली. उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं. वर आले, चावी टीपॉयवर ठेवली.

“दादाला माहीत होतं?”

“नाही.”

“म्हणजे तो जाताना मलाच धरून गेला.”

“हो.”

ते दाराशी थांबले. “मला एकट्याला सांगून मी त्याचं काय करू, वहिनी? मांडवात ज्यांनी माझ्यापुढची चावी काढून घेतली त्यांना सांगा.”

या गोष्टीला दोन हिवाळे झाले. ते आले नाहीत. आत्याबाई वारल्या, काका वारले, सांगायची माणसं एकेक कमी होत चालली, आणि माझ्याकडे परत कारणं येऊ लागली होती, गुडघे, मोतीबिंदू, मुलांना काय वाटेल. म्हणून हे अंकात देते आहे. आमचे जे कोणी पुण्याला, अमेरिकेला, इथे अलकापुरीत आहेत, त्यांनी वाचावं. विनायकाने गाडी बंद पाडली नाही. मी पाडली. आणि ती चूक एका मुलीची होती, पण नंतरचं सगळं एका जाणत्या बाईने केलं आहे.

काल लिहून झाल्यावर त्यांना फोन लावला. लागेल असं वाटलं नव्हतं. “लिहिलंय,” म्हटलं, “वाचू का?” ते म्हणाले, “वाचा.” मी पहिल्यापासून वाचलं. मधे ते एकदा फक्त खोकले.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “तुम्हाला माहीत नाही, मला कुणी विचारलंच नाही म्हणून. सुरसागरापाशी मी बॉनेटमध्ये होतो. नानांनी काच खाली करून हाक मारली. विन्या, सोड ती गाडी. इथे माझ्यापाशी येऊन बस. मी म्हणालो, एक मिनिट, नाना, होईलच आता. ते परत म्हणाले, बस ना रे. मी म्हणालो, एकच मिनिट.”

मग म्हणाले, “तेवढं लिहा,” आणि फोन ठेवला.

लिहिलं आहे.